खळीची नळी

चंपतरावांच्या घराण्याची खळ कडक होती, हे मान्यच करावं लागेल. ज्वारीच्या पिठाची ती खळ मागावरच्या ताण्याला एकदा लावली की सूत तुटायचं नाव घेत नसे. त्यांच्या आजोबांचं धोतर खुंटीला टांगतच नसत, कोपऱ्यात उभं करून ठेवत. उमरेडहून आलेला एक पाहुणा त्या धोतराशी तासभर बोलला आणि जेवायचा आग्रह झाला नाही म्हणून रुसून परत गेला. इथपर्यंत ठीक. पण माग गेले, लुगडी गेली, चंपतरावांच्या मुलानं, पंकजनं, हिंगण्यात शेड घेऊन ट्रान्सफॉर्मरला लागणाऱ्या कागदी नळ्या करायला घेतल्या, तरी म्हाताऱ्याच्या डोक्यातली खळ काही निघाली नाही.

या नळीवर तांब्याची तार गुंडाळून कॉइल करतात. तारेतली वीज नळीच्या आरपार जाऊ नये, एवढंच नळीचं काम. म्हणजे नळी कशाची करायची, यातच सगळं आलं. पंकजची बायको मयुरी हिनं सरळ नळ्या घेणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या कंपनीला फोन लावून विचारलं. राळ लावलेला कागद घट्ट गुंडाळा आणि भट्टीत भाजा, असं उत्तर मिळालं.

चंपतरावांना तो फोन म्हणजे खानदानाची नाचक्की वाटली.

"काहून विचारलं वं? आपल्याले कागद चिकटवता येत नाई?"

"मामाजी, खळ पाणी धरते. शेवटी पीठच आहे ते," मयुरी सासऱ्याला म्हणाली.

"पाणी? मे महिन्यात, नागपुरात? इथं रडायले बसलं तर डोळ्यातलं गालावर येत नाई."

पंकज म्हणाला, "पाहू." पंकज नेहमी एवढंच म्हणतो. लग्नात भटजी "सावधान" म्हणाले, तेव्हाही म्हणाला होता.

मयुरी ऐकेना तेव्हा चंपतरावांनी शेडमधल्या सगळ्या कामगारांसमोर सांगून टाकलं, "माह्या खळीची नळी फेल गेली तर या शेडीत पाय ठेवणार नाई. शरच्चंद्राच्या दुकानात बसून लोकायच्या पायात चपला घालीन."

शरच्चंद्र म्हणजे त्यांचा जावई. सदरला त्याचं चपलांचं दुकान आहे. सासऱ्यानं जावयाच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायाशी बसायचं, याच्या खाली उतरायला नागपुरात पायरी नाही. मयुरीनंच खळीला पीठ आणून दिलं.

साध्या कागदाला खळ लावून नळ्या केल्या आणि गच्चीवर वाळवल्या. उन्हानं त्या अशा खणखणीत झाल्या, की एकीवर टिचकी मारली तर शेजारच्या कारखान्यात जेवणाची घंटा झाली समजून लोकांनी डबे उघडले. त्या घटकेला वीजच काय, भूतही त्या नळीतून पलीकडे गेलं नसतं. चंपतरावांनी तेव्हाच तपासणी उरकली असती तर जन्मभर मिशीला पीळ देत फिरले असते. पण मोठेपणाला घाई चालत नाही.

कंपनीचे तपासनीस मधुसूदन यायचे होते. साहेबांना उकडायला नको, म्हणून चंपतरावांनी सक्करदऱ्याच्या एका मंगल कार्यालयातून लग्नातला कूलर आणवला. तो कूलर नव्हता, पाण्याची टाकी लावलेलं वादळ होतं. त्याच्या वाऱ्यानं एकदा वरमाला उडून नवरदेवाच्या धाकट्या भावाच्या गळ्यात पडली; संसार बरा चाललाय म्हणतात. वाळ्याच्या ओल्याकंच ताट्या लावून हे धूड साहेबांच्या खुर्चीसमोर उभं केलं, आणि मधल्या टेबलावर मोठ्या दिमाखात नळ्या मांडल्या.

मधुसूदन आले, तर्रीपोहे खाल्ले आणि तपासणीचं मशीन काढायला लागले.

"बसा ना साहेब. पहिले खळ म्हंजे काय, ते समजून घ्या," चंपतराव म्हणाले.

खळीला आरंभ झाला. आजोबा आले, धोतर आलं, रुसलेला पाहुणा आला. कूलर भसाभसा ओला वारा ओतत होता. धोतराच्या निऱ्यांपर्यंत गाडी आली, तेव्हा मयुरीनं पाहिलं, टेबलावरच्या नळ्यांची चमक गेली होती.

खळ हरावी असं तिला वाटत होतंच. पण सासऱ्यानं चपला घालाव्यात असं नव्हतं. ती म्हणाली, "मामाजी, आधी टेस्ट होऊन जाऊ द्या ना."

"थांब वं. साहेब ऐकून राहिले."

साहेब डुलक्या घेत होते. जागे झाले आणि त्यांनी एक नळी उचलली, तर तिनं पिकल्या केळ्यासारखी मान टाकली. दुसरी जरा धडधाकट होती. ती मशीनला लावून त्यांनी वीज चढवायला घेतली. वीज वाढवायची चकती नीट फिरलीही नसेल, तोच चट्ट आवाज झाला आणि शेडभर भाजलेल्या पापडाचा वास सुटला.

"फेल," मधुसूदन म्हणाले.

"नळीचा दोष नाई साहेब, कूलरचा आहे. तो बंद करून पुन्हा टेस्ट घ्या ना."

"काका, ट्रान्सफॉर्मर काय फक्त मे महिन्यातच चालवायचे?"



मधुसूदन माणूस भला. पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो, दुसरा माल करून ठेवा, म्हणाले. सगळे चंपतरावांकडे पाहू लागले. "मयुरी, तुह्या मनासारखं कर," एवढं म्हटलं असतं तर गोष्ट घरातल्या घरात मिटली असती. शब्द मोडला म्हणून कोणी हसलंही नसतं. पण सुनेला एवढं म्हणण्यापेक्षा परक्यांचे पाय धरणं त्यांना हलकं वाटलं. त्यांनी उपरणं झटकलं आणि विचारलं, "पंकज, सदरले कोणती बस जाते गा?"

मयुरीच्या राळेच्या नळ्या पुढच्या आठवड्यात मुकाट पास झाल्या. वर्षाची ऑर्डर मिळाली. पंकज वडिलांना आणायला सदरला गेला, तेव्हा ते ठेंगण्या स्टुलावर बसून एका बाईंची टाच सँडलमध्ये कोंबत होते. शरच्चंद्र बिचारा लाजेनं गल्ल्यामागं लपला होता.

"बाबा, घरी चला. ऑर्डर भेटली आपल्याले."

"खळीच्या नळीची का राळेच्या?"

पंकजला पहिल्यांदाच "पाहू" म्हणता आलं नाही. "राळेच्या," तो म्हणाला.

"मंग मले काम आहे," चंपतराव म्हणाले आणि बाईंकडे वळले. "दुसरा पाय द्या, ताई."