पूर्वेकडे तोंड केलेला कंप्युटर

"सर, मी बघू का जरा?"

प्रश्न तुळजाचा, पण तो विचारायला भाग पाडलं होतं सुष्मिता आणि नंदितानं. कंप्युटर दुरुस्त करते म्हणे, म्हणून दोघी मैत्रिणींनी तिला आठवडाभर सळो की पळो करून सोडलं होतं. आज पैजच लावली: हिंमत असेल तर लॅबच्या रामस्वामी सरांना विचार, नाहीतर बीचवर आम्हाला बज्जी खाऊ घाल. तुळजानं विचारून टाकलं.

प्रसंग साधा नव्हताच. शाळेच्या वार्षिक अंकाची सगळी पानं, पहिलीतल्या पोरांच्या चित्रांसकट, लॅबमधल्या त्या एकाच कंप्युटरमध्ये होती आणि संध्याकाळी ती छापखान्यात द्यायची होती. त्यात सकाळी यंत्रांची आयुधपूजा. बंद यंत्राची कसली पूजा, म्हणत सरांनी कंप्युटर चालूच ठेवला आणि तोंड पूर्वेला हवं म्हणून तो डबा तसाच उचलून फिरवला. तो टेबलावर दणकन आपटला. चंदनाचा टिळा लागेपर्यंत आतल्या डिस्कची कट्कट् सुरू झाली, आणि कापूर विझेपर्यंत स्क्रीन निळा पडला.

पूजा झालेल्या आयुधाला विजयादशमीपर्यंत हात लावत नाहीत, सर पुटपुटले. पण कुणी लावला तर बरं, असंच त्यांचा चेहरा सांगत होता.

"त्याच्या विंडोजला झोपू द्या, सर," तुळजा म्हणाली. "मी माझ्या पेन ड्राइव्हवरून चालवते. त्याची कुठं पूजा झालीय?"

सर बाजूला सरकले.

पेन ड्राइव्हवर एक वेगळी सिस्टिमच होती, मासिकासोबत आलेल्या सीडीवरून तिनं स्वतः चढवलेली. आजारी डिस्कला न विचारता कंप्युटर तिच्यावर सुरू झाला. सुष्मिताला घाई, आधी डिस्क दुरुस्त कर की. तुळजानं ऐकलं नाही. माणूस बुडत असताना कुणी होडी रंगवत बसतं का? आधी पानं बाहेर काढायची. एकेक पान ती शेजारच्या कंप्युटरवर उतरवू लागली. डिस्क कण्हायची, अडायची, नंदिता मुरुगनचा धावा करायची, की गाडी पुन्हा पुढं. शेवटी पहिलीतल्या कुणीतरी काढलेला सहा पायांचा हत्ती स्क्रीनवर आला, आणि सर इतके मोठ्यानं हसले की शिपाई डोकावून गेला.

मगच तिनं डिस्क तपासायला लावली. खराब जागा वगळल्या गेल्या, विंडोज मुकाट सुरू झालं. तरी तिनं सरांना बजावलं, आता हिच्यावर विसंबू नका. सरांनी मान डोलावली आणि तिच्या ओंजळीत प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल ओतलं.

घरी चप्पल काढायच्या आधीच तिनं सगळं सांगून टाकलं. अम्मा ऐकता ऐकता कढईतली पोरियलची भाजी ढवळायची विसरली. अप्पांनी कौतुक केलं आणि लगेच आपलं नेहमीचं काढलं, हात असाच स्थिर राहिला तर पुढं ऑपरेशनं छान करशील.

"अप्पा, अम्मा, अकरावीला मी कंप्युटरचा ग्रुप घेणार," तुळजा म्हणाली. "बायॉलॉजीसाठी दुसरी मुलगी बघा."