अर्थाची तार

त्याने गॅरेजचे शटर कमरेइतके वर ढकलले आणि नेहमीप्रमाणे तेथेच क्षणभर थांबवले. सकाळचे ऊन आधी जमिनीवरून आत आले. उन्हाला कसलीच घाई नव्हती. दाराशी मुरलेल्या जुन्या तेलाच्या डागावर ते जरा रेंगाळले. डागाला जांभळी, मग हिरवट कड फुटली. तेथून फरशीच्या भेगेच्या कडेकडेने ते भिंतीपाशी पोहोचले आणि खिळ्यांना टांगलेली तारांची वेटोळी एकेक करून जागी झाली. लाल, मग पिवळी, मग निळी. काळ्या वेटोळ्यावरही ऊन पडले. पण ते काळेच राहिले. मग शटर आणखी वीतभर वर गेले. ऊन कामाच्या टेबलावर चढले, स्क्रूंच्या डब्यांच्या पत्र्यावर चमकले, आणि टेबलामागे खुर्चीत येऊन बसलेल्या वडिलांच्या गुडघ्यांवरून, छातीवरून सरकत थेट त्यांच्या डोळ्यांत शिरले.

वडिलांची पापणी हलली नाही.

“आज पण ढगाळच आहे का रे?” त्यांनी विचारले.

त्याने शटर पूर्ण वर केले. समोरच्या घराच्या काचांकडे बघवत नव्हते, इतके लख्ख उजाडले होते.

“हो,” तो म्हणाला. “थोडं मळभ आहे.”

“यंदा मळभ काही हटत नाही बुवा.”

गेले आठ महिने त्या गॅरेजात रोज मळभ होते. वडिलांनी काम सोडले ते गुडघ्यांमुळे, असे घरात ठरले होते. ठरवले कोणी, हे कोणी विचारले नव्हते. ते रोज मागच्या दाराने येत, खुर्चीत बसत आणि सुटे स्क्रू बोटांनी चाचपून मापाप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत टाकत. त्यात कधी चूक होत नसे. ते डब्यांकडे बघत नाहीत, ही सवयीची गोष्ट आहे, असे त्याने स्वतःला समजावले होते.

नवाच्या सुमारास मास्तरांची गाडी आली. सव्वीस वर्षांची, मूळच्या पांढऱ्या रंगाची. महिन्याभरातली ही तिची चौथी खेप. दुखणे एकच होते. चालता चालता इंजिन, दिवे, हॉर्न, सगळे एकदम विझे. दोन सेकंदांनी, काही घडलेच नाही अशा थाटात, पुन्हा सुरू होई. गॅरेजात मात्र ती एकदाही विझली नव्हती. पहिल्या खेपेला त्याने बॅटरीची टर्मिनल बदलली, दुसऱ्या खेपेला फ्यूजचा डबा, तिसऱ्या खेपेला किल्लीचा स्विच.

“मौनी, ही घे तुझी लाडकी,” मास्तर उतरत म्हणाले. “माहेरी आल्यासारखी येते बघ. आठवडा झाला की हिला तुझी आठवण येते.”

मौनी हे नाव मास्तरांनीच ठेवलेले. शाळेत ते त्याला भाषा शिकवत. पुढे नाव वर्गातून घरी आले आणि खरे नाव शाळेच्या दाखल्यावरच राहिले.

मास्तरांच्या बाई पुढच्या सीटवरच बसून राहिल्या होत्या. त्यांच्या डाव्या भुवईच्या वर पट्टी होती.

“अकराला मला दवाखान्यात पोचायचंय,” त्या म्हणाल्या. “आठवड्यातून तीनदा ते रक्त धुवायचं मशीन माझी वाट बघतं. आणि परवा ही बया भर उतारावर झोपी गेली. मागे ट्रक. त्याचा हॉर्न अजून कानात आहे माझ्या.”

“अगं, दोन सेकंदांचा तर प्रश्न,” मास्तर म्हणाले.

“तुमचं काय जातं? तुम्हाला धरायला स्टिअरिंग होतं. तुम्ही ब्रेक दाबलात आणि माझं कपाळ समोरच्या फळीला भेटून आलं.”

वडील खुर्चीतून हसले. “बाई, अशा फॉल्टचं असंच असतं. पाहुणे आले की शहाण्या पोरासारखा गप्प बसतो. पाहुणे गेले की घर डोक्यावर.” मग आवाज जरा बदलून त्यांनी विचारले, “अर्थ बघितलास का रे?”

“बघितला,” तो म्हणाला.

“घ्या!” मास्तरांनी हात जोडले. “चाळीस वर्षं पोरांना अर्थ समजावत आलो आणि म्हातारपणी गाडीलाच अर्थ लागेना.”

“पोरांना तरी कुठे लागत होता?” बाई म्हणाल्या.

“याला लागायचा.” मास्तरांनी त्याच्याकडे बोट केले. “मिस्त्री, तुमच्या पोराला वर्गातलं प्रत्येक उत्तर यायचं. पण हात म्हणून वर करायचा नाही. दुसरा कोणी चुकीचं सांगत असला, तरी हा आपला खाली मान घालून बसायचा. विचारलं, तर म्हणायचा, त्याला वाईट वाटलं असतं.”

तो बॉनेट उघडून आत वाकला, म्हणून त्याचा चेहरा कोणाला दिसला नाही.

गाडीत बॅटरीतून निघालेली वीज दिव्यांतून, हॉर्नमधून फिरून शेवटी गाडीच्या पत्र्याला येऊन मिळते आणि पत्र्यातून बॅटरीकडे परतते. परतीच्या त्या जोडाला या धंद्यात अर्थ म्हणतात. तार धडधाकट असते, दिवा धडधाकट असतो. पण अर्थ सुटला की सगळे असून नसल्यासारखे होते. धरतो-सोडतो असा फॉल्ट आला की आधी अर्थ बघायचा, हे वडिलांनी त्याला सगळ्यात आधी शिकवले होते. आणि दुसरे हे की तारेच्या टोकाची कडी पत्र्यावर बसवण्याआधी रंग खरवडायचा. रंगातून वीज जात नाही. पत्रा चांदीसारखा उघडा पडेपर्यंत पॉलिश पेपरने घासायचा आणि मगच स्क्रू आवळायचा.

मास्तरांच्या गाडीत अर्थाचे चार जोड होते. महिन्याभरात त्याने तीन उघडून पाहिले होते. चौथा, सगळ्यांत मोठा, पुढच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायांपाशी, डॅशबोर्डच्या फळीच्या आत होता. तो दीड वर्षापूर्वी वडिलांनी नव्याने बसवला होता, त्यांच्या शेवटच्या मोठ्या कामांपैकी एक. वडिलांच्या हाताखालून गेलेले काम पुन्हा उघडून बघायचे नसते, असे तो स्वतःशी म्हणत आला होता. महिनाभर त्याचा हात त्या फळीपर्यंत जाई आणि मागे येई.

त्याने इंजिन चालू केले. दिवे लावले, वायपर सुरू केले. कोरड्या काचेवर वायपर खरडत राहिले. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्याने फ्यूजचा डबा ठोकला, तारांचे एकेक जुडगे धरून हलवले. वडील मान तिरकी करून ऐकत होते. फॉल्ट कानाला आधी कळतो, असे ते म्हणत. काहीच झाले नाही. पंधरा मिनिटे गेली, वीस गेली. बाईंनी घड्याळाकडे पाहिले, मग मास्तरांकडे.

“राहू दे,” मास्तर म्हणाले. “हळूहळू जाऊ. उतार टाळून, लांबच्या रस्त्याने.”

“लांबच्या रस्त्याला ट्रक नसतात वाटतं?” बाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज थट्टेचा राहिला नव्हता.

तेव्हा तो त्यांच्या दाराशी गेला आणि खाली बसला. “जरा पाय,” तो पुटपुटला.

“उतरू का?”

“नको.”

बाईंनी पाय आत ओढून घेतले. ते सुजलेले होते. चपलेच्या पट्ट्याचा खोल वळ त्यांच्यावर उमटला होता आणि पाय सरकल्यावरही तो तसाच राहिला. त्या वळाकडे तो किंचित जास्तच वेळ पाहत राहिला. मग उताणा होऊन त्याने डोके फळीखाली घातले, टॉर्च दातांत धरला आणि हात आत नेऊन काळ्या जाड तारेला नुसते बोट लावले.

वायपर काचेच्या मध्यावर थांबले. इंजिन विझले. गॅरेज इतके शांत झाले, की डब्यात स्क्रू पडल्याचा आवाज सगळ्यांना आला.

“तिथेच!” वडील ओरडले. त्यांच्या आवाजात जुनी कोवळी खुशी होती. “तिथेच आहे! कुठं आहे हात तुझा?”

त्याने टॉर्च दातांतून काढला.

“सांगतो,” तो म्हणाला.

स्क्रू बोटांनीच फिरला. कडी सुटली. टॉर्चच्या उजेडात पत्र्याला दोन भोके दिसली, दोन बोटांच्या अंतरावर. त्यातले एक रिकामे होते. त्याच्याभोवती रुपयाएवढी जागा घासलेली होती, अगदी गोल, कडेला कुठेही ओरखडा नाही. घासावी तर वडिलांनीच. आता तिच्यावर पातळ तांबूस गंज धरला होता. कडी बसवली होती ती दुसऱ्या भोकावर. तेथे गाडी जन्मली तेव्हाचा रंग जसाच्या तसा होता. दीड वर्ष त्या स्क्रूच्या पेचांनीच कसाबसा संबंध धरून ठेवला होता. हादरे खाऊन स्क्रू सैलावला तसा तोही सुटत चालला होता.

त्याने खिशातून पॉलिश पेपर काढला आणि शक्य तितक्या हळू घासू लागला. तरी तो आवाज लपण्यासारखा नव्हता. बाई खोकल्या तेव्हा त्याने दोन हात जोरात मारून घेतले. पत्रा चांदीसारखा उघडा पडला. कडी बसवून त्याने स्क्रू आवळला, मास्तरांना इंजिन चालू करायला लावले आणि तारेला धरून हिसके दिले. वायपर खरडत राहिले.

“काय होतं मग?” मास्तरांनी विचारले.

“स्क्रू ढिला झाला होता. अर्थाचा.” हात पुसत तो म्हणाला. “जुनी गाडी हादरते, होतं असं.”

“म्हणजे कोणाची चूक नाही,” बाई म्हणाल्या. त्यांना बहुधा तेच ऐकायचे होते. “उगाच मी यांच्या चालवण्याला नावं ठेवली.”

“ती तुम्ही तशीही ठेवता,” मास्तर म्हणाले. “मिस्त्री, निघतो. अखेर अर्थ लागला!”

वडिलांनी आवाजाच्या दिशेने हात वर केला.

गाडी वळणाआड गेली. तिचा आवाज पार विरेपर्यंत वडील ऐकत राहिले. तो तारा गुंडाळू लागला. ज्या आधीच गुंडाळलेल्या होत्या, त्याही त्याने सोडून पुन्हा गुंडाळल्या.

“स्क्रू ढिला होता?” वडिलांनी विचारले.

“हो.”

“मग आवळून भागलं असतं. पॉलिश पेपर कशाला लागला?”

त्याने तार खिळ्याला अडकवली.

“मी घासलं नव्हतं का?”

“घासलं होतं, बाबा.”

“मग?”

“शेजारच्या भोकाभोवती घासलं होतं. कडी दुसऱ्यावर बसली.”

वडिलांनी डब्यातून एक स्क्रू उचलला. त्याचे डोके अंगठ्याने चाचपले, पेच मोजल्यासारखे नखाने खालपर्यंत तपासले, आणि तो कोणत्याच डब्यात न टाकता मुठीत ठेवला.

“बाईंना किती लागलंय?”

“भुवईच्या वर पट्टी आहे.”

“मोठी?”

“दोन टाके असतील.”

“मला वाटलं, नुसतं टेंगूळ असेल. त्या हसत बोलत होत्या.” त्यांनी मूठ गुडघ्यावर ठेवली. ऊन आता टेबलावरून उतरून त्यांच्या पायांशी आले होते. ते उन्हात बसले होते आणि त्यांनी शालीचे टोक खांद्यावर ओढून घेतले.

“त्या दिवशी उजेड कमी असेल,” ते हळूच म्हणाले. “असेल ना रे? मळभ असेल.”

तो प्रश्न नव्हता. दोघांना अंग चोरून उभे राहता येईल, एवढाच आडोसा होता तो, आणि वडिलांनी आधी त्याला जागा करून दिली होती. आठ महिन्यांच्या सवयीचा होकार त्याच्या ओठांवर येऊन थांबला. त्याला ती दुपार आठवली. फळीखाली वाकलेली वडिलांची पाठ, मानेवरचा घाम, समाधानाने “झालं चांदीसारखं” म्हणणारा त्यांचा आवाज. मग कडी घेऊन चाचपत गेलेली बोटे, ती पहिल्या भोकावरून पुढे गेली तो क्षण, आणि शेजारी उकिडवा बसलेला तो स्वतः.

“मळभ नव्हतं, बाबा,” तो म्हणाला. “टॉर्च मी धरला होता. मला दिसलं होतं.”