आगळाची बाटली

मालवणच्या बाजारात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. गिऱ्हाइकांची कुरकुर ऐकून माझे कान किटलेत. त्यात पहिला नंबर मसुऱ्याच्या गुरुदासकाकांचा. निवृत्त झाल्यापासून त्यांना पितळेच्या पत्र्यावर गलबतं कोरायचा नाद लागलाय. त्याला फेरिक क्लोराईडचं पाणी लागतं, ते पितळ खातं. पण त्याच्या लहान बाटल्या हल्ली येतच नाहीत. कुरियरवाले हात लावत नाहीत आणि छंदवाल्यांसाठी एवढंसं कोण पाठवणार? आम्ही काय चोर आहोत का, म्हणून काका माझ्यावरच तणतणले.

मला दया आली. मोठ्या कॅनमधून सुटं काढून दिलं. बाटली त्यांनीच आणली होती, दारूची रिकामी. आमच्याकडे घरोघरी अशाच बाटल्यांत कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला रस, भरतात, आणि त्याचा रंगही असाच गडद. ही वेगळी ठेवा, पोटात गेलं तर विष आहे, असं मी दोनदा बजावलं. काका नुसते हसले.

परवा सकाळी त्यांचा फोन आला. स्वर चिडका, नाक सर्दीनं चोंदलेलं.

"किशोरी, ह्यां काय दिलंस गो? पत्रो खाल्लो नाय, उलटो लखलखता."

बाटल्यांची अदलाबदल झाली, हे मला लगेच कळलं. पितळ लख्ख करायला आम्ही सगळ्या बायका कोकमच घासतो.

"काका, तां आगळ आसा. दुसरी बाटली खंय?"

"चुलीकडे." मग काका थांबले. "सावित्री सोलकढी करता."

फोन बंद न करताच ते धावले. त्यांची खोली परसाच्या टोकाला, गुडघे दुखरे. मला चपलांची फटफट आणि धाप ऐकू येत होती. त्यांच्या नातीला, सलोनीला, कढीची पहिली वाटी लागते हे मला ठाऊक होतं. ऐकत राहण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं, याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

पातेलं आदळल्याचा आवाज आला.

"कोणी चाखली काय?" काकांचा आवाज फाटला होता.

मी गल्ला घट्ट धरून उभी होते.

"कोण चाखतला?" सावित्रीकाकू वैतागून म्हणाल्या. "आज नैवेद्य आसा. देवाक दाखवच्या आदी कोण तोंड लावता?"

मी होते तिथेच खाली बसले आणि रडले. कढीला रंग चढेना, म्हणून काकूंनी आगळ समजून त्या बाटलीतलं आणखी ओतलं होतं, हे मला मागाहून कळलं.

आता मी सुटं देत नाही. काल सावंतवाडीहून एक छंदिष्ट आला होता. नाही म्हटल्यावर डाफरला, एवढ्याशा बाटलीवर कुणी बंदी आणली म्हणून. मी मोठा कॅन मागे सरकवला. शेजारी काका खिळे निवडत उभे होते. त्यांनी मान वर केली नाही.