नाथाजीची गुळगुळीत बोटं

मित्रांनो, सांगलीच्या एका पोलीस ठाण्यातली मी एक जुनी पितळी पाटी आहे. माझ्यावर काळी शाई पसरायची, तिच्यावर माणसाचं बोट टेकवायचं आणि ठसा कागदावर उमटवायचा, हे माझं काम. चाळीस वर्षं मी ते इमानानं केलं. पुढे ठसे टिपणारं यंत्र आलं आणि मी कपाटात गेले.

मागच्या वर्षी मला पुन्हा बाहेर काढलं. हळदीचं एक गोदाम फुटलं होतं. खिडकीच्या काचेवर चोराचं रक्त सापडलं. संशयावरून तिथला हमाल नाथाजी याला धरून आणलं. यंत्राला त्याचे ठसे मिळेनात, म्हणून हवालदार हंबीररावांना माझी आठवण झाली. पण माझ्याकडूनही कागदावर नुसते काळे डागच पडले. वीस वर्षं हळकुंडं चोळून आणि पोती ओढून त्याच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या.

"रेषाच न्हाईत रं गड्या, तुजं नशीब लिवलंय कुठं?" हंबीरराव म्हणाले.

"मालकाच्या पोत्यावर," नाथाजी म्हणाला.

मग फौजदार उमाताईंनी सांगितलं, की गालाच्या आतून कापसाच्या काडीनं लाळ घेऊ आणि तिच्यातला डीएनए काचेवरच्या रक्ताशी जुळतो का ते तपासू. नाथाजीनं तोंड घट्ट मिटलं. तपासणीचा निकाल लागेपर्यंत गोदामाचा मालक त्याला दारात उभं करणार नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो होकार देईना.

त्याला कारण होतं. त्याचे चुलते भाऊसो माधवनगरच्या गिरणीत कामाला होते. एकदा चुकून त्यांना धरलं, ठसे घेतले, सोडून दिलं. कागद मात्र गठ्ठ्यात राहिला. पुढं गावात चोरी झाली, की पोलीस आधी त्यांच्या दारात. तो ठसा माझ्याच शाईचा होता, मित्रांनो. त्याची मला आजही लाज वाटते.

नाथाजीची मुलगी सृष्टी बाकावर बसली होती. ती उठून उमाताईंपुढे आली.

"मॅडम, लाळेत एकटं बाबा न्हाईत. आमी भावंडंबी हाय त्यात. ते निर्दोष निघालं तर नमुना नष्ट करणार, असं लिहून द्या."

हंबीरराव हसले. उमाताई हसल्या नाहीत. कायद्यात तशी सोय आहे, पण आजवर कुणी मागितलीच नाही, असं म्हणून त्यांनी कागद ओढला, लिहिलं आणि सही केली. सृष्टीनं ते वडिलांना दोनदा वाचून दाखवलं. तेव्हा कुठे नाथाजीनं तोंड उघडलं.

महिन्याभरानं अहवाल आला. रक्त दुसऱ्याच कुणाचं होतं. नाथाजी पुन्हा हळदीच्या पोत्यांना खांदा देऊ लागला. नमुना नष्ट केल्याचं पत्र मात्र येईना. सृष्टीनं ठाण्यात चार खेपा घातल्या. पाचव्या खेपेला उमाताईंनी ते स्वतः तिच्या हातात दिलं.

मित्रांनो, अटक झालेल्याचा नमुना घ्यावा की नाही, यावर मोठी माणसं वाद घालतात. मला वाटतं, गरज असेल तिथं जरूर घ्यावा. त्यानं खरा चोर सापडतो आणि गरिबाचा डागही धुतला जातो. पण निर्दोष माणसाचं काही आपल्याकडे ठेवून घेऊ नये. कागद असो वा यंत्र, ते आपणहून काहीच विसरत नाही. ते काम माणसांनीच आठवणीनं करायचं असतं.