मागे सरत लावलेली ओळ

"पुन्हा दाखव," मी म्हणाले.

खुशीने लॅपटॉपवर बोट फिरवले. जेवणाच्या टेबलावर ताटे वाढायची होती, पण त्या बुधवारी मीच नियम मोडून आधी चित्रफीत पाहायला बसले होते. पडद्यावर पाण्याने भरलेली बांधी, म्हणजे धानाचे शेत, दिसत होती. तिच्यात पोटरीपर्यंत चिखलात उभी राहून, कमरेतून वाकलेली एक बाई डाव्या हातातल्या रोपांच्या जुडीतून दोन-तीन पऱ्हे सुटे करी, उजव्या हाताने ते चिखलात खोची आणि एक पाऊल मागे सरे. पुन्हा खोची, पुन्हा मागे सरे. असे करत करत ती आमच्यापासून लांब लांब चालली होती.

"ही तुझी आई?"

"हो, आजी," श्रुतिका म्हणाली.

"मग मागे मागे का जाते आहे ती?"

"रोवणी तशीच करतात, आजी. मागे..."

"करत असतील. पण सोमवारी हे कॉलेजच्या सभागृहात सगळ्या पालकांसमोर दाखवणार आहेत. 'मैं कौन हूँ' असा विषय आहे आणि तू लोकांना मागे जाणारी स्त्री दाखवणार? ती पुढे येताना दिसली पाहिजे."

"पण आजी..."

"या घरात माझ्या बोलण्यापुढे 'पण' लागत नाही, श्रुतिका."

तिने मान खाली घातली. खुशी मात्र उत्साहाने पुढे सरसावली. श्रुतिकासारखीच शिकायला माझ्याकडे राहणारी ती बैहरची, हिंदीत वाढलेली, यंत्रांत हुशार. "दादीजी, क्लिप उल्टी कर दूँ? एक क्लिक का काम है. आंटी आगे चलने लगेंगी."

"कर."

तिने केले. आता बाई दुरून आमच्याकडे येऊ लागली. हात खाली जात होता, पाणी हलत होते आणि पाऊल पुढे पडत होते. मला ते उत्तम वाटले. चित्राबरोबर वाचायचा मजकूर तर मी आधीच लिहून दिला होता. पूर्वज भंडाऱ्याकडून या हिंदी मुलखात कसे आले, त्यांनी मराठी कशी टिकवली, शिक्षणाने घराणी कशी वर येतात, असा एक पानभर. एकतीस वर्षे मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होते मी. माणसाने स्वतःची ओळख कशी करून द्यावी, हे मला कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

माझे यजमान शरदचंद्र वनखात्यात होते. बैहर, बिरसा अशा बदल्या संपवून आम्ही बालाघाटात घर बांधले. ते गेल्यावर मागच्या दोन खोल्या मी शिकणाऱ्या मुलींना देऊ लागले. संध्याकाळी सातच्या आत घरी यायचे, जेवताना फोन दूर ठेवायचा आणि कुठे जायचे ते सांगून जायचे, हे माझे तीन नियम. श्रुतिका दोन वर्षांपूर्वी आली, तेव्हा तिला सोडायला तिची आई शेवंताबाई आली होती. वारासिवनीपलीकडच्या खेड्यातली, रोवणीला जाणाऱ्या बायांच्या टोळीची पुढारी. खुर्चीच्या कडेवर बसली होती, पण पाठ ताठ होती. मी नेहमीप्रमाणे विचारले, "तुमचं मूळ गाव कोणतं?"

"आजेसासू सांगे का भंडाऱ्याकडून आलो म्हणून. मले त आमची बांधीच ठाऊक, बाई."

मग उठताना तिने मला एक अट घातली. मला अट घालणारी माणसे फार नाहीत. "पोट्टी तुमच्या शिस्तीत राहीन. पण तुमचं-तिचं वाजलं, तरी तिले उपाशी झोपवू नका."

ते मी पाळले आहे.

शेवंताबाई रविवारी दुपारी आली. सोमवारचा कार्यक्रम पाहून मंगळवारी सकाळी परत जायचे, असा बेत होता. तिने पिशवीतून चिन्नोर तांदळाची पुरचुंडी काढून माझ्यासमोर ठेवली. पुरचुंडी न सोडताच खोलीभर वास पसरला. चहा झाल्यावर मी खुशीला लॅपटॉप आणायला सांगितले. मला तिला आनंदाचा धक्का द्यायचा होता. श्रुतिका दारातच उभी राहिली. आत आली नाही.

चित्र सुरू झाले. बाई दुरून पुढे येऊ लागली. शेवंताबाई पडद्याकडे झुकली.

"हे कोण होय वं?"

"तूच, माय," श्रुतिका दारातूनच म्हणाली.

"मी?" ती हसली. "माह्यंच लुगडं हाय, हौ." मग तिचे हसू थांबले. तिने आणखी थोडा वेळ पाहिले. "पण मी हे काय करून राह्यली? लावलेलं उपटून काहून राह्यली?"

मी चष्मा सरळ केला. आता मलाही दिसले. हात चिखलात रिकामा जात होता आणि वर येताना त्यात हिरवे पऱ्हे होते. पाऊल पुढे पडत होते आणि मागे मोकळे पाणी उरत होते. चार दिवस मी ते कौतुकाने पाहिले होते आणि मला दिसले नव्हते.

"मीच उलटे करायला सांगितले," मी म्हणाले. खोटे बोलणे मला जमत नाही. "तुम्ही पुढे जाताना दिसाव्यात, म्हणून."

"पुढं?" शेवंताबाईला खरोखरच नवल वाटले. "पुढं जाऊन रोवता येते काय, बाई?"

"का येऊ नये?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. त्या नजरेत उपहास नव्हता. वर्गात एखाद्या मुलीला गणित समजलेले नाही हे कळल्यावर मी जशी पाहत असे, तशी ती नजर होती. मग तिने खिडकीतून अंगणात पाहिले. दिवाळीसाठी झेंडूची रोपे तयार होती आणि पावसाने वाफ्याचा चिखल झाला होता.

"चला," ती म्हणाली. "तुमचेच रोपं लावून पाहा."

शहात्तर वर्षांच्या बाईला असे सांगायला धाडस लागते. मी निऱ्या खोचल्या आणि वाफ्यात उतरले. खुशी फोन घेऊन धावली, तिला मी एका नजरेने थांबवले. पहिले रोप लावले, पाऊल पुढे टाकले. दुसरे लावले, पाऊल टाकले. तिसऱ्या रोपासाठी वाकले, तेव्हा शेवंताबाई शांतपणे म्हणाली, "आता पायाखाली पाहा, बाई."

माझ्या उजव्या पायाखाली दुसरे रोप चिखलात पार आडवे झाले होते.

श्रुतिका मोठ्याने हसली. दोन वर्षांत या घरात तिला तशी हसताना मी ऐकले नव्हते. तिने लगेच तोंडावर हात धरला, पण शेवंताबाईही हसत होती आणि चिखलात उभे राहून मला रागावता येईना.

"पुढं चाललं का आपलंच लावलेलं आपल्या पायाखाली येते," शेवंताबाई म्हणाली. "मागं सरलं म्हंजे समदं डोळ्यासमोर राहते. कोणतं वाकडं, कोणतं पाण्यावर उपळून आलं, ते दिसते."

नळावर पाय धुताना मी म्हणाले, "माझी चूक झाली, शेवंताबाई."

"चूक नाई वं बाई. तुम्ही चिखलात कधी गेल्या?" तिने नळ थोडा मोठा केला. "पण मघा पाहून भेवच वाटलं मले. श्रुतिकाचा बाप, हेमराज, गेला ते बी रोवणीचेच दिवस होते. हे नऊ वर्साची. पऱ्हे वाढून गेलते. त्यायले काय सांगता, घरात सुतक हाय म्हणून? चौथ्या रोजी मी उतरली बांधीत. लोकं बोलले. बोलले त बोलले. टोळीतल्या बाया मंग आपल्या मनानंच आल्या. सतरा जणी. एकीनं तोंडातून शबूद काढला नाई. दिवस बुडेस्तवर मागं मागं सरत आलो अन् धुऱ्याच्या बांधाले पाठ लागली, तवा वर पाह्यलं. समदी बांधी हिरवी." तिने नळ बंद केला. "तेच कोणी उपटून राह्यलं असं वाटलं, झालं."

शरदचंद्र गेले तेव्हा मी तेरा दिवस खोलीबाहेर पडले नव्हते आणि त्याला मी मर्यादा समजत होते.

आत येऊन बसल्यावर शेवंताबाईने सहज विचारले, "अन् ते गुरुवारचं कोठी हाय?"

"गुरुवारचे काय?" मी विचारले.

"गुरुवारी आलती ना हे. धुऱ्यावर मोबाईल ठेवला अन् माह्यासंगं रोवली दोन घंटे. ते नाई दाखवलं?"

श्रुतिकाचा चेहरा उतरला. गुरुवारी तिने माझ्याकडून ग्रंथालयाची परवानगी घेतली होती. खुशी छताकडे पाहू लागली, म्हणजे तिलाही ठाऊक होते.

"श्रुतिका."

"आजी..." तिने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले, मग सोडले. मान वर केली. "मी गुरुवारी गावाला गेलते. शुक्रवारी कॉलेजात व्हिडिओ जमा केला. सीधा वाला. तुमचा कागद नाही वाचला त्यात. तुम्हाला सांगायची हिंमत नाही झाली, पण जमा तर तोच केला. ती क्लिप पाहिली, तेव्हाच मला समजलं होतं, माय उपटून राह्यली म्हणून. मी तसा दिलाच नसता."

"अन् मी स्पर्धेतून नाव काढून टाक म्हणाले असते तर?"

"तरी नसता दिला, आजी."

शेवंताबाई लेकीकडे पाहत होती आणि मध्ये पडली नाही. एकतीस वर्षांत माझ्यासमोर उभे राहून असे सांगणारी मुलगी मला भेटली नव्हती. मला राग यायला हवा होता. मी वाट पाहिली, तो आला नाही.

"न सांगता गावाला गेलीस, त्याची शिक्षा होईल," मी म्हणाले. "आठवडाभर सकाळचा चहा तू करशील. आता ताटे वाढा. आज चिन्नोरचा भात होईल."

सोमवारी सभागृहात मी शेवंताबाईला पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसवले. ती मागे बसते म्हणत होती. बहुतेक मुलांनी स्वतःचे चेहरे दाखवले होते. कुणी मोटारसायकलवर, कुणी धबधब्यापाशी, आणि पाठीमागे मोठे संगीत. श्रुतिकाची चित्रफीत सुरू झाली, तेव्हा संगीत नव्हते. चिखलातून पाय निघताना होतो तो आवाज तेवढा होता.

आई मागे सरत होती आणि तिच्यापुढे हिरवी ओळ वाढत होती. मग श्रुतिका चित्रात आली. कॉलेजचाच कुर्ता, सलवार गुडघ्यापर्यंत वर खोचलेली. तीही आईशेजारी वाकली आणि लावू लागली. आईच्या चार रोपांत तिचे एक होई. तिची ओळ वाकडी जात होती. एक रोप तर पाण्यावर तरंगू लागले. आईने मान वळवली नाही, बोलली नाही. फक्त स्वतःची ओळ सोडून तिचा हात बाजूला गेला, त्याने ते रोप दोन बोटांनी दाबून पक्के केले आणि परत आपल्या कामाला लागला. मग दोघी एका पावलाने मागे सरल्या.

शेवटी श्रुतिकाचा आवाज आला. "मी श्रुतिका. ही माझी माय, शेवंता. आम्ही भंडाऱ्याकडून आलो म्हणतात. आमची ओळ इथं आहे."

एवढेच. माझ्या पानभर मजकुरातले एक वाक्य त्यात होते, आणि तेही मुळात शेवंताबाईचेच होते.

टाळ्या वाजल्या. पुढे कुणाचा नंबर आला, हे मी इथे सांगत नाही. मला ते महत्त्वाचे वाटले नाही. शेवंताबाई टाळ्या थांबल्या तरी पडद्याकडे पाहत होती. मग हळूच मला म्हणाली, "ते चौथं बी वाकडंच होतं. मले तवा दिसलंच नाई."

मंगळवारी सकाळी श्रुतिकाने चहा केला. साखर जास्त झाली होती, मी प्याले. वारासिवनीची बस नऊ वाजता होती. शेवंताबाई अंघोळ करून आवरत होती, तेव्हा मी झेंडूची उरलेली रोपे घेऊन वाफ्यात उतरले. भिंतीकडून सुरुवात केली. एक रोप लावायचे, एक पाऊल मागे. कंबर बोलू लागली, पण मी थांबले नाही. पायरी टाचेला लागली, तेव्हा उभी राहिले आणि पाहिले. नऊ रोपे होती. ओळ माझ्या समोर होती.

शेवंताबाई पिशवी खांद्याला लावून बाहेर आली. पायरीवर उभी राहून तिने ओळ एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पाहिली. मग पिशवी खाली ठेवली, लुगडे वर खोचले, वाफ्यात उतरली आणि माझे सहावे रोप दोन बोटांनी सरळ करून मातीत दाबले.

माझ्या कामावर हात ठेवण्याची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. मी चष्मा पुसला आणि तिचे हात पाहत उभी राहिले.

तिने नळावर हात धुतले, पदराला पुसले, पिशवी उचलली.

"आता लागलं, बाई," ती म्हणाली.