गाळणीकाका

"ही असली गाणी तुम्ही ऐकता? आणि तीही अशी?"

ताटातलं झुरळ उचलावं तसा दोन बोटांत धरून गाळणीकाकांनी हेडफोन बाजूला ठेवला. काउंटरपलीकडे शिंपीणबाई उभ्या होत्या. गळ्यात मोजपट्टी, बाहीवर टाचण्यांची रांग.

"ऐकते की. टेपरेकॉर्डरनं मान टाकली तोवर रोज ऐकत होते. आता हा बारका प्लेअर आणलाय. त्यात भरून द्या."

"बाई, ही कॅसेट रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलीय. गाणं चिमूटभर आणि खडखड पोतंभर!"

"असू दे, दादा. आहे तसं भरा. काही काढू नका. माझ्याकडे एवढी एकच आहे."

"आहे तसं," काका नाकातून म्हणाले. "बरं. परवा या."

आहे तसं! काकांच्या हातातून आजवर काही आहे तसं सुटलं नव्हतं. तीस वर्षं ते एका स्टुडिओत काचेमागे बसले. गवयाचा खोकला, वादकाच्या खुर्चीची करकर, दोन ओळींमधला श्वास, सगळं त्यांनी पात्यानं फितीतून कापून काढलं. स्टुडिओ बंद पडला, तसे ते या दोन हात रुंदीच्या दुकानात आले आणि लोकांच्या जुन्या कॅसेटींच्या फाइली करून खिशातल्या प्लेअरमध्ये भरू लागले. गल्लीनं नाव ठेवलं गाळणीकाका. काका मात्र गल्लीला नावं ठेवायचे, तीही रोज नवी. कानात गाणं कोंबून धावणारे, नखाएवढ्या चकतीत हजार गाणी मागणारे, साऱ्यांची त्यांना शिसारी. "अहो, इतकं दाबलं की गाण्याचा जीव जातो, सालपट उरतं," ते सांगायचे. समोरचा विचारायचा, "मग अजून किती बसतील?"

शिंपीणबाईंची कॅसेट त्यांनी तीन मिनिटं ऐकली. गाण्यामागं खडखड, खडखड, मग जरा उसंत, पुन्हा खडखड. जागोजागी फिरवून पाहिलं. बाराही गाणी ओळखीची होती, त्यांच्या संगणकात धुऊन इस्त्री करून ठेवलेली. कॅसेटीची फाइल करायची म्हणजे ती पूर्ण वाजू द्यायची. तासभर हा गोंगाट कोण सोसणार? त्यांनी तीच गाणी, त्याच क्रमानं, आपल्याकडची स्वच्छ, प्लेअरमध्ये भरून टाकली. पाच मिनिटांत काम फत्ते. वर बाईंवर उपकार.

भरून झालेली कॅसेट परत न्यायला सहसा कुणी येत नसे. फिती ओढून काढायच्या आणि रोपवाटिकेवाल्याच्या पिशवीत टाकायच्या, ही काकांची जुनी सवय. तो त्या वाफ्यांवर बांधायचा, पाखरं भिऊन उडायची. बाईंची फीतही गेली.

ठरल्या दिवशी बाई आल्या. तिथंच उभ्या राहून त्यांनी प्लेअरच्या तारेची बोंडं कानात घातली. पहिलं गाणं ऐकलं. दुसरं अर्ध्यावर पुढं सारलं. मग तिसरं, चौथं.

"हे कुठे गेले?"

"कोण?"

"आमचे हे."

काका खो खो हसले. "अहो बाई, ही सगळी गाणी बायकांनी म्हटलीत!"

"मशीन कुठंय, दादा? मागची खडखड?"

"गेली! कणभर शोधून दाखवा. बाजारातसुद्धा इतकं स्वच्छ मिळायचं नाही."

बाईंनी बोंडं काढली, तार बोटाभोवती नीट गुंडाळली.

"ते मुके होते. मी रेडिओ लावायचे, ते शिवत बसायचे. त्यांच्या पायमशीनचा आवाज आहे तो. त्यांचा दुसरा आवाज कुठंच नाही." कापड कमी पडतंय हे गिऱ्हाइकाला सांगावं, तेवढ्याच शांतपणे त्या बोलल्या. "कॅसेट द्या माझी."

काकांनी फीत काढलेली रिकामी कॅसेट हळूच खणात सारली.

"उद्या देतो."

"मी आहे तसं म्हटलं होतं. ते तेवढं ऐकलं नाहीत तुम्ही. आणि लोक म्हणतात, काकांचे कान फार तिखट."

भर दुपारी दुकानाला कुलूप लागलं. रोपवाटिकेतल्या वाफ्यांवर फितीच फिती उन्हात चमचमत होत्या, वाऱ्यानं भुणभुणत होत्या.

"घ्या की हवी ती," रोपवाटिकेवाला म्हणाला. "पण यातली नेमकी कुठली? मला तर सगळ्या सारख्याच."

"काल बांधलेली."

"ती? कडेच्या दोन रांगा. तुकडे करून बांधलीय हो. आणि काका, जरा जपून, पाखरं हसतायत तुम्हाला!"

काका गुडघे टेकून चिखलात बसले. गाठी सोडवल्या, तुकडा तुकडा रुमालानं पुसला. काही चुरगळले होते, काही रोपांत रुतून तुटले होते. दुकानात येऊन त्यांनी तेच जुनं पातं काढलं आणि आयुष्यभर कापलं त्या हातांनी चिकटपट्टी लावून जोडत बसले. जोडून झालं ते अकरा मिनिटं वाजलं. एकाही बटणाला हात न लावता त्यांनी त्याची फाइल केली.

सकाळी बाई आल्या. गाणं ओळीत तुटत होतं, भलत्याच कडव्यात उठत होतं. त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. काउंटरखाली त्यांचा पाय हलू लागला. टाच, चवडा, टाच, चवडा.

"इथं थांबले बघा," त्या म्हणाल्या. "दोरा तोडला. हातात कात्री असली तरी दातानंच तोडायचे." एका कानातलं बोंड त्यांनी काकांपुढं धरलं. "पुन्हा लावते. ऐका."

काकांनी ते कानात घातलं. डोळे मिटले. तीस वर्षं काचेमागं ऐकायचे, तसा श्वास धरून ऐकलं.

"आलं ऐकू?"

"नाही."

बाईंनी हात पुढं केला, काकांच्या कानातलं बोंड हलकेच काढलं आणि पुन्हा आपल्या कानात घातलं. पाय चालूच होता.