तायड्यांच्या एसीचं पाणी

बुधवारी दुपारी जळगाव जामोदच्या तायड्यांच्या बैठकीत, भिंतीवरच्या एसीनं रत्नागिरीच्या व्याह्यांना झोपेतच आंघोळ घातली आणि ते पाणी खारट निघालं.

तर असं काही झालं नाही. पाहुणे आले, जेवले, परत गेले. गल्लीत कोणी विचारलं तर देवानंद तायडे एवढंच सांगतो आणि कापसाच्या भावावर घसरतो. आपणही तेवढंच धरून चालू.

देवानंदचं ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान. त्याची धाकटी बहीण मयुरी गेल्या हिवाळ्यात रत्नागिरीच्या कदमांकडे दिली. सासू-सासरे पहिल्यांदाच तिच्या माहेरी येणार, तेही मे महिन्यात, म्हणून देवानंदनं बैठकीत नवाकोरा एसी बसवला. खोली अशी गार झाली की बाप कचरू भर दुपारी मफलर बांधून बसला.

इथंच सारं थांबायला हवं होतं. पण मयुरीचा फोन आला.

"दादा, इकडं एसीची लय सेवा असते. समुद्राच्या हवेनं गंजते म्हणून मामा बाहेरची पेटी धुतात, जाळी धुतात. आणि रोज संध्याकाळी नळीखालची बालटी पाह्यतात. पाणी कमी दिसलं की म्हणतात, मशीन आजारी आहे." मग तिचा आवाज बारीक झाला. "इकडं कोणी तरी म्हणलं, पाहुण्यांसाठी लावला असंन एसी, दाखवाले. मी सांगून देलं, आमच्या घरी जे असते ते असते. देखावा नसते. बरोबर सांगतलं ना?"

"हाव. एकदम बरोबर," म्हणत देवानंद परसात धावला. एसीची नळी ठणठणीत कोरडी होती. तिच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलं होतं, आणि कोळी निवांत होता.

देवानंदनं जाळी धुतली. बाहेरची पेटी धुतली. समुद्र तिथून शेकडो मैलांवर, तरी समुद्राचं मीठ जाईस्तोवर धुतली. नळी कोरडीच. कोणाला विचारावं तर पंचाईत, कारण एसीतलं आपल्याला सगळं समजतं असं त्यानं गल्लीत आधीच सांगून ठेवलं होतं.

"थंडं तं येऊन राह्यलं ना?" आई चांगुणा म्हणाली. "मंग काऊन जीव जाळतं?"

"आई, थंडं कोणी पाह्यत नाई. पाणी पाह्यतात."

माणसाकडे ठिबकचं दुकान असलं की पाण्याचा कोणताही प्रश्न त्याला सुटलेलाच दिसतो. देवानंदनं गच्चीवरच्या टाकीतून एक बारीक काळी नळी उतरवली, एसीच्या नळीला परसात जोडली, आणि तोंडाशी थेंब थेंब पाणी सोडणारी ठिबकची बोंडी बसवली. टप. टप. टप. संध्याकाळी बादली अर्धी भरली. देवानंदला भरून आलं. कोळ्यानं घर बदललं.

मंगळवारी पाहुणे मयुरीला घेऊन शेगाव स्टेशनावरून गाडी करून आले. जय भीम झाला, चहा झाला, आणि सासरे उत्तमराव हात मागे बांधून परसात गेले.

"अरे वा! काय पाणी आहे!" ते ओरडले. "देवानंदराव, मशीन उत्तम. आमच्याकडे एवढी दमट हवा, तरी इतकं पडत नाही."

"देखभाल, मामाजी," देवानंद म्हणाला. "सारी देखभालच हाये."

मागून सासूबाई आल्या, सिंधूताई. "अहो, वाया कशाला घालवता? एसीचं पाणी किती मऊ असतं. मी घरी त्यानेच केस धुते. द्या ती बादली."

देवानंदनं तोंड उघडलं. टाकीतलं पाणी बोअरचं, आणि बोअर खारपाणपट्ट्यातला, ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबण फेस धरत नाही. हे वाक्य अगदी तयार होतं. पण देवानंदनं तोंड मिटलं आणि बादली स्वतः न्हाणीत नेऊन ठेवली. वर विचारलं, "आणखी एक देऊ का, मामी?"

सिंधूताई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे केस नारळाच्या सुंभासारखे झाले होते. फणी आत गेली आणि तिथंच राहिली. "इकडची हवा मानवली नसेल," त्या समजूतदारपणे म्हणाल्या.

मयुरीनं भावाला चुलीपाशी गाठलं. "दादा, ते पाणी एसीचंच हाये ना?"

"हाव."

"माह्याकडं पाहून सांग."

"हाव म्हणलं ना बे."

बहिणीला त्यानं आजवर कधी दोस्तांसारखं 'बे' म्हटलं नव्हतं.

खारट पाण्यानं ठिबकच्या बोंडीचं तोंड बुजतं, हे देवानंद प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो. दुकानात तशी पाटीच आहे. बुधवारी दुपारी परसातल्या बोंडीवर पांढरा खडा धरला आणि थेंब थांबले. टाकी वर, एसी खाली. पाण्याला पुढची वाट नाही, म्हणून ते नळीतून उलटं चढलं. एसीच्या बरोबर खाली, गादीवर, उत्तमराव झोपले होते.

आधी घोरणं थांबलं. मग धो धो आवाज आला. उत्तमराव उठून बसले, ओठांवरून जीभ फिरवली आणि अर्धवट झोपेत म्हणाले, "भरती आली काय?"

त्यांनी पुन्हा जीभ फिरवली. समुद्राकाठी हयात गेलेला माणूस. "हे खारट आहे," ते म्हणाले. "एसीचं पाणी खारट नसतं."

कचरूनं मफलर सारखा केला. "अवकाळी हाये, इवाई," तो व्याह्यांना गंभीरपणे म्हणाला. "यंदा कुठंबी पडून राह्यला."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मयुरी परसात गेली आणि काळी नळी हातात घेऊन परत आली. भांडली नाही. "दादा, रत्नागिरीच्या हवेतच पाणी असते. ते एसीतून गळते. आपल्या इकडच्या उन्हाळ्यात हवेत पाणीच नसते, तं नळीतून काय येईन? एसी चांगलाच होता तुहा. एक फोन केला असता मले."

"राहू दे गं," उत्तमराव मान पुसत म्हणाले. "गारवा छान होता हो, देवानंदराव. खरंच छान होता."

सिंधूताईंनी गुपचूप डोक्यावरून पदर घेतला. देवानंदला तो पदर पाहवेना. एसीतून समुद्र आला तसा, आपल्याला गिळायला जमिनीतून एखादा खड्डा यावा, असं त्याला वाटलं. आला नाही.

मयुरीनं ओली गादी एकटीनं गच्चीवर नेली. देवानंद मागे गेला तर म्हणाली, "सोड, मी नेतो." चहा उकळेस्तोवर गादी वाळली, हवा इतकी कोरडी. वर मिठाचा पांढरा नकाशा तेवढा उरला.

त्याच संध्याकाळी निघताना उत्तमरावांनी देवानंदचा हात हातात घेतला. "या एकदा रत्नागिरीला. आमचा एसी बघा." ते मनापासून म्हणाले, तेच वाईट. मयुरीनं गाडीतून सगळ्यांना जय भीम केला. देवानंदची पाळी आली तेव्हा ती सीटच्या पट्ट्याचं कडं शोधत होती. गाडी वळेस्तोवर तिला ते सापडलं नाही.

गुरुवारी देवानंदनं दुकान उघडलं, बोंडीची पाटी उलटी करून ठेवली आणि कोरा कागद घेतला.

"प्रति, मा. तहसीलदार साहेब. विषय: घरात पडलेल्या अवकाळी पावसाचा पंचनामा होऊन दाखला मिळणेबाबत. महोदय, विनंती की, बुधवारी दुपारी आमच्या बैठकीत गादीपुरता पाऊस पडला असून तो चवीस खारट होता. बाहेर ऊन होते. करिता सदर पाऊस नैसर्गिक होता व त्यात अर्जदाराचा हात नव्हता, असा दाखला माझी बहीण सौ. मयुरी हिचे नावे रत्नागिरीच्या पत्त्यावर पाठवावा, जेणेकरून आमच्या घरी देखावा नसतो हे तिचे म्हणणे शासनदरबारी खरे धरले जाईल. दाखला शक्यतो ती सासरी पोहोचण्याआधी पोहोचावा, ही नम्र विनंती."